बातमी मुंबईला पोचली तेव्हा

सातपूरहून आम्ही बोलतोय. आमच्यातल्या काही जणी एमआयडीसीत पॅकिंगला जातात, काही भाजी विकतात. पेपर आमच्याकडे येतो तो बहुधा मेथी गुंडाळायला, पण वाचल्याशिवाय आम्ही तो फाडत नाही. वाचताना नेहमी वाटतं, पहिल्या पानावर काय घ्यायचं हे कोण ठरवतं?

६ मार्च २०१८ आठवा. नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा पायी मुंबईला निघाला. सुमारे १८० किलोमीटर. सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या कितीतरी आदिवासी बायका त्यात होत्या. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही मोठी मागणी. तसा कायदा २००६ चा, म्हणजे बारा वर्षं वाट बघून झाली होती.

पहिले काही दिवस देशभरच्या वाहिन्यांवर त्याचं फारसं नाव नव्हतं. ११ तारखेला लाल टोप्या मुंबईत शिरल्या आणि कॅमेरे धावले. सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडे गेले. दहावीच्या मुलांना परीक्षेला अडचण नको म्हणून सगळे रात्रीतच चालत आझाद मैदानावर गेले, तीही मोठी बातमी झाली. १२ तारखेला सरकारनं लेखी आश्वासन दिलं.

आता सांगा बायांनो, ते पाय काय मुंबईत फुटले होते?

पेपरात जागा मोजकी. जाहिराती बसल्या की उरलेल्या जागेत बातम्या. संध्याकाळी संपादकांची बैठक होते. नवीन काय, किती लोकांचा प्रश्न, फोटो आहे का, असं बघतात. त्यात वाईट काही नाही. पण बैठक शहरात होते. शहराला जे अडवतं ते मोठं दिसतं. आपण रोज हंडे वाहतो, ते रोजचंच, म्हणून ते 'नवीन' ठरत नाही.

आमच्या एकीच्या माहेरी पाड्यावरची विहीर आटली. एका पेपराला निवेदन दिलं, छापून आलं नाही. मग किती घरं, किती दिवस, टँकर कधी आला, सगळं वहीत टिपलं. हंड्यांच्या रांगेचा फोटो काढला. रात्री पानं लागतात, म्हणून दुपारीच नेऊन दिलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या. ते कात्रण घेऊन पाड्यावरच्या बाया साहेबांपुढे जाऊन बसल्या. टँकर आता एक दिवसाआड येतो. विहीर खोल करायचं काम अजून सुरू नाही. वही चालू आहे.