हातसडीचा तांदूळ आणि पांढरा तांदूळ : धानाच्या प्रदेशातील एक आहारविचार

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत आहार विभागाच्या वतीने झालेले भाषण)



वैनगंगेच्या काठचा हा आपला प्रदेश धानाचा आहे. आरमोरी, देसाईगंज, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात दोन्ही वेळच्या ताटात भात असतोच. म्हणून मधुमेहाचे निदान झालेला रुग्ण असो वा रक्तक्षयाने ग्रासलेली माता असो, आहाराचा विषय निघताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न भाताविषयी असतो. अलीकडे तर ‘ब्राऊन राइस कोठे मिळेल?’ असे विचारले जाते. शहरातील दुकानांत सुबक पाकिटांतून महाग दराने विकला जाणारा हा पदार्थ वस्तुतः आपल्या घरच्या कणगीतच आहे, हे आज आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

धानाचे तूस काढले की जो तांबूस दाणा उरतो, तोच ब्राऊन राइस. आपल्या आजी-पणजी उखळ-मुसळाने कांडून जो हातसडीचा तांदूळ काढीत, तो त्याचाच जवळचा भाऊबंद. त्यावरील कोंड्याचा थर बराचसा शाबूत राहत असे. गिरणीत हा दाणा पुढे घासला जातो, कोंडा व अंकुर निघून जातात आणि पांढराशुभ्र तांदूळ उरतो. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानापासून साधारण 67 किलो तांदूळ अपेक्षित असतो. उरलेल्या भागात तूस अधिक असले, तरी त्यातच कोंडाही जातो, आणि तो तेलगिरण्यांच्या व गुरांच्या वाट्याला येतो.

या कोंड्याचे महत्त्व जगाला एका रोगाने शिकविले. 1890 च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना आढळले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि बिनपॉलिश तांदूळ मिळताच त्या सुधारतात. मनुष्यास होणाऱ्या बेरीबेरी रोगाचे कारण या निरीक्षणातून पुढे उलगडले. ते होते थायामिन, म्हणजे ‘ब-1’ जीवनसत्त्वाची उणीव. या कार्याबद्दल आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या विदर्भातही हा विचार नवा नाही. 1934 साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आग्रहाने प्रचार केला होता.

आता प्रत्यक्ष तुलना पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार, 100 ग्रॅम कच्च्या बिनपॉलिश तांदळात प्रथिने सुमारे 9 ग्रॅम, तर पांढऱ्यात 8 ग्रॅम आहेत. तंतुमय पदार्थ अनुक्रमे सुमारे 4.4 व 2.8 ग्रॅम आहेत. खरा फरक थायामिनमध्ये आहे : बिनपॉलिश तांदळात सुमारे 0.27 मिलिग्रॅम आणि पांढऱ्यात अवघे 0.05. उकडा तांदूळ या दोहोंच्या मधे बसतो, कारण धान उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्याच्या आत शिरतात. उष्मांक मात्र तिन्हींचे जवळजवळ सारखेच आहेत, हे मधुमेही रुग्णांनी विशेष ध्यानात घ्यावे.

रक्तातील साखर किती वेगाने वाढते, याचा निर्देशांक पांढऱ्या भातासाठी सरासरी 73, तर बिनपॉलिश भातासाठी 68 च्या आसपास मानला जातो. हे अंतर फार मोठे नाही. 2010 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला की, रोजच्या 50 ग्रॅम पांढऱ्या तांदळाऐवजी बिनपॉलिश तांदूळ घेतल्यास मधुमेहाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी कमी आढळतो. परंतु तेथील लोक भात थोडा खातात. आपल्याकडे ताटभर भात आणि वाटीच्या तळाशी वरण, अशी वाढण असते. तांदूळ बदलला आणि ढीग तोच राहिला, तर लाभ अल्पच होणार. भात निम्मा करून वरण, भाजी आणि मामा तलावातील मासळी वाढविणे, हा उपाय अधिक मोलाचा आहे.

रक्तक्षयाविषयीही असाच एक गैरसमज आहे. प्रौढ स्त्रीस रोज सुमारे 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. 100 ग्रॅम बिनपॉलिश तांदळात ते सुमारे 1 मिलिग्रॅमच असते आणि कोंड्यातील फायटेटमुळे त्यातीलही थोडेच अंगी लागते. तेव्हा तांदूळ बदलला म्हणून कोणी लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी मात्र लोहाची औषधे तपासणीवाचून सुरूही करू नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी बिनपॉलिश तांदूळ घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात फॉस्फरस अधिक असते.

मग लोक हा तांदूळ का खात नाहीत? तो शिजण्यास वेळ व सरपण अधिक लागते, चावावा लागतो, आणि कोंड्यातील तेलामुळे लवकर खवट होतो. शिवाय पाहुण्यांपुढे पांढरा, बारीक भात वाढण्यात प्रतिष्ठा आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दिवंगत दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी हा बारीक तांदूळ आपल्या भागाचा अभिमान आहे. पण वाण आणि पॉलिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचएमटीचे धानही कमी घासून घेता येते.

ज्यांच्या घरी धान आहे, त्यांना आमची विनंती अशी. महिनाभर पुरेल एवढेच धान गिरणीत न्यावे आणि पॉलिश हलके ठेवण्यास सांगावे. तांदूळ काही तास भिजत घालावा, म्हणजे तो लवकर शिजतो. प्रारंभी निम्मा पांढरा तांदूळ मिसळावा. भूमिहीन कुटुंबांना रेशनचा पांढरा तांदूळच घ्यावा लागतो. त्यांनी त्यात कमीपणा मानू नये. तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भाताची पेज फेकू नये, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे तिच्यातच उतरतात. भाताबरोबर डाळ, हरभरा वा मूग आणि अंगणातील पालेभाजी असली, तर पांढऱ्या भाताची बरीच उणीव भरून निघते.

शेवटी देणगीदारांस एक निवेदन. हंगामानंतर आपण रुग्णालयाच्या स्वयंपाकघरासाठी तांदळाची पोती देता, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. यापुढे शक्य तर हलक्या पॉलिशचा तांदूळ द्यावा, आणि दोन पोत्यांपैकी एकाच्या जागी डाळ द्यावी. येथे दूरच्या गावांहून आलेली कुटुंबे अनेक दिवस मुक्काम करतात. त्या दिवसांत त्यांच्या ताटात जे पडते, तेच ते पथ्य म्हणून घरी नेतात. आम्ही तोंडी सांगितलेले त्या मानाने थोडेच लक्षात राहते.