दोन पोळ्यांची कणीक

पुढच्या सतरंजीवर मघापासून चुळबुळत बसलेल्या बालमित्रांनो,

स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार एवढं सगळं सोसून तुम्ही अजून बसून आहात, म्हणून तुमचे आभार आधी. मोठ्यांचे नंतर मानू.

संयोजकांचं पत्र आलं, त्यात विषय होता संगीत, घरातली नाती आणि मुलांची चित्रपुस्तकं. मनात म्हटलं, ही तीन जनावरं एका दावणीला कशी बांधायची? रात्री कणीक भिजवताना उत्तर हाताशी आलं.

माझे वडील मिलमध्ये होते. पहिल्या पाळीच्या भोंग्याला घराबाहेर पडायचे आणि गुरुवारी रात्री भजनात पखवाज वाजवायचे. आमची रोजची भाकरी ज्वारीची. गहू रेशनचा, तोही जपून वापरायचा. गुरुवारी मात्र पोळ्या असायच्या, कारण पखवाजाला कणीक लागायची. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उजव्या बाजूला काळी शाई असते, ती कायमची. डाव्या बाजूला, धुमेला, दर खेपेला ओली कणीक थापावी लागते. ती थापली की आवाजाला पोट येतं. नाही थापली तर नुसतं पत्र्यासारखं वाजतं. तर आई परातीशी बसली की वडील तिथं येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. आई वर न बघता एक उंडा तोडून वाटीत टाकायची आणि म्हणायची, ‘गेली दोन पोळ्यांची कणीक.’ दर गुरुवारी हेच वाक्य, याच सुरात. वाटी घेऊन देवळात जायचं काम माझं. वडील पाण्याचं बोट लावून उंडा धुमेवर पसरायचे, थाप द्यायचे, मान हलवायचे, चिमूटभर कणीक काढायचे, पुन्हा थाप. भजन संपलं की ती खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं तडकतं. सकाळी ती गाईला. त्या वयात मला पक्कं वाटायचं की वडील देवळात आईलाच वाजवतायत.

पुढे मी यावर चोवीस पानांचं एक चित्रपुस्तक लिहिलं. चित्रकार गुणी होता, पण पखवाज त्यानं कुठल्याशा फोटोवरून काढला. प्रुफं मी एकदा नाही, तीनदा वाचली. ऱ्हस्वदीर्घ पाहिलं, स्वल्पविराम पाहिले. चित्रं पाहिली नाहीत. म्हणजे ‘छान आहेत’ म्हणण्यापुरती पाहिली. पुस्तक घेऊन मोठ्या तोऱ्यात आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात गेले. वाचून दाखवलं. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, कणीक कुठाय ह्याला?’ पाहते तर पखवाजाच्या दोन्ही बाजूंना काळी शाई. ज्या कणकेसाठी पुस्तक लिहिलं तीच चित्रात नव्हती, आणि माझी आई पुस्तकातल्या पुस्तकात खोटी पडली होती. त्या पोरीला अजून धड वाचता येत नव्हतं. म्हणूनच तिला दिसलं.

चूक चित्रकाराची म्हणून मी सुटू शकत नाही. शब्द माझे, चित्र त्याचं, अशी वाटणी करून आम्ही दोघं एकमेकांना न भेटता मोकळे झालो होतो. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी हेच चालतं. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर ठळक, चित्रकाराचं आतल्या पानावर मुंगीएवढं; लेखकाला मानधन पुस्तकावर, चित्रकाराला नगावर. अशानं सचित्र पुस्तक तयार होतं, चित्रपुस्तक होत नाही.

या बाबतीत मराठीत एक दाखला आहे आणि तो योगायोगाचा नाही. माधुरी पुरंदरे. चित्रकला जे.जे.मध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये शिकलेली, ‘तीन पैशाचा तमाशा’त गायलेली ही बाई स्वतः लिहिते आणि स्वतःच काढते. २०१४ साली त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्कारालाच जरा बरं दिसलं असं मी म्हणाले होते. ‘राधाचं घर’ या त्यांच्या पुस्तकांत छोट्या राधाच्या नजरेनं घरातली माणसं येतात. त्यांत संगीताचा विषय नाही. पण वाक्यांना लय आहे, कुठं थांबायचं ते बाईंना कळतं, आणि थांबलेल्या जागी चित्र बोलायला लागतं. हे गाणाऱ्या माणसालाच जमतं, असं माझं मत आहे. चित्रकार मंडळी रागावतील, रागावू देत.

संगीतावरची म्हणून जी मुलांची पुस्तकं आपण काढतो ती बहुतेक थोरांची चरित्रं असतात. जन्म, गरिबी, कष्ट, गुरू, पुरस्कार, शेवटी शालीतला फोटो. अहो, भीमसेन जोशींच्या बालपणात एक चित्रपुस्तक आयतं पडलंय. गदगचं पोर रस्त्यानं जाणाऱ्या बँडच्या आणि भजनाच्या मागं भान हरपून चालत जायचं आणि थकून वाटेत कुठंही झोपायचं. वडील शाळामास्तर. सारखं शोधून दमले, शेवटी त्यांनी पोराच्या सदऱ्यावर लिहून टाकलं की हा जोशी मास्तरांचा मुलगा आहे. म्हणजे सापडलं की लोक आणून सोडतील. तो सदरा काढा की! पाठमोरं पोर, पाठीवर बापाचं अक्षर, पुढं बँड. एकही शब्द नको. पुढं १९३३मध्ये, अकरा वर्षांचा असताना, तो गुरू शोधायला घरातून पळाला. आईशी तुपावरून रुसवा झाला होता असं सांगतात. पानावर जास्तीचं तूप मिळालं नाही आणि देशाला भीमसेन मिळाले. गदगहून निघणाऱ्या रुळांचं दुसरं टोक आपल्या होटगीला आहे, त्यामुळं या गोष्टीत सोलापूरकरांनी थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

त्याच मुलखातली दुसरी गोष्ट काढायला फार अवघड. गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गाणाऱ्या. लेक हिंदुस्थानी शिकायला लागली, तेव्हा आपल्या गाण्याचा तिच्या गळ्यावर परिणाम होऊ नये म्हणून आईनं आपलं गाणं थांबवलं. मुलीचं गाणं चित्रात दाखवता येईल. आईचं थांबलेलं गाणं कसं दाखवाल? मी दोन चित्रकारांना विचारलं. एकानं आईच्या तोंडावर बोट ठेवलेलं काढून आणलं. त्याला चहा पाजून परत पाठवला. दुसरी म्हणाली, आईच्या जागी कागद कोरा ठेवते. मला चित्रकार हुसेन आठवले. पंढरपुरात जन्मलेल्या या माणसाची आई तो तान्हा असतानाच गेली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही, आणि त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांमध्ये निळ्या काठाच्या साडीत चेहऱ्याची जागा रिकामी असते. त्या कोरा कागदवाल्या चित्रकार पोरीचं पुस्तक अजून झालेलं नाही. प्रकाशक म्हणतात, कोऱ्या पानाचे पैसे कोण देणार?

अमेरिकेतल्या व्हेरा विल्यम्स यांची दोन पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, एक १९८३चं, दुसरं १९८४चं. रोझा नावाची मुलगी, हॉटेलात वाढप्याचं काम करणारी आई आणि आजी. घरात एक मोठी बरणी, तीत सुट्टे पैसे साठवायचे. पहिल्या पुस्तकात बरणीतून रोझाला वाढदिवसाला काहीतरी घ्यायचंय. ती दुकानात हे बघते, ते बघते, रडकुंडीला येते. शेवटी रस्त्यावर अ‍ॅकॉर्डियन ऐकते आणि तेच घेते, कारण तिची दुसरी आजी ते वाजवायची. दुसऱ्या पुस्तकात घरची आजी आजारी पडते, बरणी रिकामी होते, आणि रोझा मैत्रिणींसोबत बँड काढून कमावलेला आपला वाटा त्या बरणीत आणून टाकते. म्हणजे वाद्य घरातल्या पैशातून आलं आणि पैसा वाद्यातून घरात परत गेला. माझ्या आईला मी हे पुस्तक मराठी करत वाचून दाखवलं. तिनं बरणीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ह्यांच्यात पखवाज नसतो का?’

आपल्याकडे ही बरणी म्हणजे ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आहे, लेक आहे, माहेर आहे, आणि विठोबासुद्धा घरचाच माणूस होऊन येतो. एवढं नात्यांचं संगीत दुसरीकडे मिळायचं नाही. दळणाऱ्या बाईच्या मांडीवर पोर निजलेलं असायचं. त्याला ओवी कानाआधी मांडीतून कळायची. आता जातं गेलं. आपल्या कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या वसाहतीत गेलात तर मांडीवर सूप दिसेल. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. मांडी सुपानं घेतली म्हणून पोर पाठीला टेकून बसतं. आईची बोटं चालतात, ती मनाशी तेलुगूत काहीतरी म्हणत असते, आणि पोराच्या पाठीत ते घुमतं. नवरात्राच्या सुमाराला याच बाया फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरून गातात. त्या पोराची शाळा कदाचित मराठी, शेजारीण कानडी बोलणारी, गल्लीच्या टोकाला उर्दू. त्याला कुठल्या भाषेतलं पुस्तक द्यायचं, याचा खल आपण गेली कित्येक वर्षं करतोय. मी म्हणते, पाठीला पाठ लावून बसलेली दोघं काढा आणि खाली मजकुराला जागा सोडा. ज्या घरात जाईल त्या घरानं तो आपल्या भाषेत भरावा.

बटण दाबलं की वाजणारी पुस्तकं आता बाजारात आली आहेत. कोपऱ्यातला चौकोन मोबाइलला दाखवला की पुस्तक स्वतःच गाऊ लागतं. मी विरोधात आहे. म्हातारपणाचा हट्ट म्हणा. पण ते गायला लागलं की घरातलं माणूस गप्प होतं. आजीचा आवाज फाटका असेल, बापाला सूर कळत नसेल, तरी पानावर बैलगाडी आली की त्यानंच घुंगरं वाजवावीत, तोंडानं, चुकीची.

आता थोडं भोपळ्याबद्दल. ही गोष्ट सतरंजीवरच्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. म्हातारी लेकीकडे जाते आणि भोपळ्यात बसून घरी परतते. शेकडो वर्षं आपण मुलांना ही गोष्ट तालात सांगतोय. तिच्यात लेक आहे, आई आहे, गुटगुटीत होऊन परत येणं आहे. पण भोपळ्याचं पुढं काय झालं?

मी सांगते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला लागणारे भोपळे आपल्या जिल्ह्यात पिकतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या बाजूला. कडू असतात, भाजीला चालत नाहीत. वेलीवर पुरते जून होऊ द्यायचे, मग महिनोन्‌महिने वाळवायचे. ते मिरजेला जातात. तिथले शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या घराण्यांनी तलवारी सोडून तारा हातात घेतल्या. बाप मुलाला शिकवतो, मुलगा नातवाला. २०२४मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या चादरीला ते त्याआधीच मिळालेलं, तेव्हा हेवा नको. भोपळा तिथं कापतात, आतल्या बिया काढतात, वर लाकडाची तबली, मग दांडी, खुंट्या, घोडी, तारा. एवढं करूनही तंबोरा नुसता टणटण करतो. मग जवारी लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका ठिकाणी तार एकदम मधमाशीसारखी घुमायला लागते. त्या धाग्याला म्हणतात ‘जीव’.

भोपळा आपल्या जिल्ह्यातला. सूत म्हणाल, तर या गावाचं पोटच सुतावर. हे पुस्तक सोलापुरात नाही व्हायचं तर कुठं? मी त्याचं पहिलं पान काढून ठेवलंय. म्हणजे काढता येत नाही मला, शिकतेय. म्हातारी भोपळ्यातून उतरलीय, भोपळा रिकामा झालाय, आणि ती नातवाला म्हणतेय, आत तोंड घालून हाक मार बघू.

संयोजकांना मी हार-तुऱ्याऐवजी एकच गोष्ट मागितली होती, ती त्यांनी आणून ठेवलीय. हा तंबोरा. तारा लावल्यात, सूर जुळवलाय, जीव अजून घातलेला नाही. हा माझ्या हातातला धागा आपल्या मागावरच्या सुताचा आहे. माझी बोटं आता थरथरतात, धागा पकडता येत नाही. त्यामुळं सतरंजीवरच्या कुणीतरी वर या. चप्पल तिथंच काढा. तू ये, मघापासून तुझीच चुळबुळ जास्त आहे. हात पुसलास? हं, ही मधली तार हलकेच उचल. आता धागा खाली. अजून थोडा पुढं. नाही, मागं. थांब, थांब, तिथंच ठेव. आता छेड.