बंदर, तळी आणि वाडे



रायगड जिल्ह्याच्या ऐतिहासिक वारशाचा विषय निघाला की बोलणं थेट किल्ल्यांवर जातं. त्यात चूक काहीच नाही. 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला रायगड आहे आणि अलिबागसमोरच्या समुद्रातला खांदेरीही आहे. आज मात्र मी बोलणार आहे पनवेलबद्दल. या गावाला राजधानीचा मान कधी मिळाला नाही. हे व्यापाराचं, मुक्कामाचं, वाटेवरचं गाव. अशा गावाचा वारसा डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो गेलेलाही कळत नाही.

आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईचा माणूस पुण्याला कसा जायचा? मुंबईहून होडीने पनवेलच्या खाडीत यायचं, इथे उतरायचं आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढायचा. 1830 साली, माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे दिवस पालटले. देशावरून माल घेऊन बैलगाड्या उतरू लागल्या, इथून मीठ आणि तांदूळ वर जाऊ लागला. इतक्या गाड्या म्हटल्यावर चाकं आलीच. पनवेलच्या सुतारांनी केलेल्या चाकांची जोडी घेऊनच घरी परतावं, अशी देशावरच्या गाडीवानांची धडपड असे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही याची दखल घेतली आहे. वैभव म्हणजे फक्त तोफा आणि तटबंदी नव्हे. हा चाकांचा धंदाही पनवेलचं वैभवच होता.

मग 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि 1863 मध्ये घाट चढून गेली. वाहतूक कल्याण-कर्जतच्या बाजूने वळली आणि बंदराचं महत्त्व ओसरलं. गाव काही अगदी झोपलं नाही. 1872 साली इथेच धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला. पण पूर्वीची धावपळ सरली. आता यातली गंमत बघा. गावाकडे पैसा कमी आला, म्हणूनच जुनं गाव पुष्कळसं तसंच राहिलं. सागवानी खांबांचे वाडे, दगडी जोती, कौलारू घरं टिकली, कारण ती पाडून नवं बांधण्याची घाई कुणाला नव्हती. खरा धोका उपेक्षेपेक्षा भरभराटीतून आला. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, पुढे नवीन पनवेल उभं राहिलं, 1998 मध्ये लोकल आली, मग द्रुतगती मार्ग, आता विमानतळ. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि वाड्याला मात्र मोडीचा.

वाडा पडतो त्याला मालकाची हावच कारण असते, असं समजू नका. एका वाड्यात भावकीचे दहा-बारा हिस्से असतात. खालच्या मजल्यावर जुने भाडेकरू असतात, त्यांचं भाडं भाडेनियंत्रणामुळे कित्येक दशकं जवळजवळ जागेवरच थांबलेलं. कोकणातला पाऊस दरवर्षी कौलं सरकवतो, वाळवी तुळईत शिरते. दुरुस्तीचा खर्च करणार कोण? बरं, कुणी केलाच तर गवंडी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापतो. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. भिंत आतून भुसभुशीत होते आणि मग म्हणतात, वाडा जुना झाला, पाडा. भावनेची व्याख्यानं अशा मालकाला उपयोगाची नाहीत. त्याला चुन्याचं काम जाणणारा कारागीर हवा आणि पदराला फार खार न लागता वाडा ठेवता येईल अशी तजवीज हवी.

तजवीज कायद्यात आहे. मुंबईने 1995 मध्ये वारसा इमारतींची यादी केली, त्यांची श्रेणी ठरवली. श्रेणी एकमध्ये फारसा हात लावता येत नाही, श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक असते. यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो. त्यालाच आपण टीडीआर म्हणतो. म्हणजे वाडा उभा आणि मालकाच्या हातात पैसा. पण सगळ्याचं मूळ यादीत आहे. जी वास्तू यादीत नाही, ती कायद्याला दिसतच नाही.

यादी करायची तर तीत काय काय घ्यावं? वाडे तर हवेतच. टपाल नाका, लाइन आळी, कोळीवाडा अशा भागांची ठेवण हवी. तळी हवीत. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही नावं पनवेलकराला तोंडपाठ आहेत. तळ्याभोवती फरशा आणि रंगीत दिवे लावले की काम झालं असं आपण मानतो. तळ्यात पाणी येण्याचे ओहोळ बुजले असतील तर दिवे काय उजळणार? 1849 मध्ये बांधलेलं बेथ एल हे बेने इस्रायलांचं प्रार्थनामंदिरही या गावाचंच. कोकणात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत राहिलेल्या या समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, म्हणून ही वास्तू आपली नाही असं होत नाही.

गावाबाहेर पडलं की शिरढोण. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके इथे जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. ज्या माणसाने 1879 साली इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला, त्याच्या गावावरून गोव्याला जाणाऱ्या हजारो गाड्या न थांबता निघून जातात. पुढे कर्नाळा आहे. 1670 मध्ये शिवरायांनी परत घेतलेला, 1818 मध्ये इंग्रजांकडे गेलेला किल्ला. 1968 पासून भोवतीचं रान पक्षी अभयारण्य आहे. माझ्या मते किल्ला आजवर राहिला तो या रानामुळेच. इतिहास आणि झाडी यांची खाती सरकारात वेगळी असली तरी जमिनीवर ती एकच आहेत.

लोकांना हे सगळं दाखवावंही लागेल. पण आधी राखायचं, मग दाखवायचं. आपण नेमकं उलट करतो. महोत्सव भरतो, सेल्फीची चौकट उभी राहते आणि पलीकडच्या गल्लीत तुळई मोडीत जाते.

पनवेलला 1852 मध्ये नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. 2016 मध्ये तिची महानगरपालिका झाली. इतक्या जुन्या कारभाराच्या गावाने स्वतःची वारसा यादी नीट, घरोघर फिरून करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

श्रोत्यांना मात्र एक विनंती. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्या मुदतीत आपल्या आळीतल्या जुन्या वास्तूचं नाव, सर्व्हे नंबर आणि एक फोटो लावून साधा अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.