वसईचा दुभाषी

कोल्हापूरच्या उचगावजवळून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या रोजच्या येण्याजाण्याचा. याच रस्त्यानं दक्षिणेला निघून, बेंगळुरू मागं टाकून, म्हैसूरच्याही पुढं गेलं तर जेवढं अंतर होईल, तेवढी सुमारे ८०० किलोमीटरची वाट एक वसईकर ऐन थंडीत जपानात तुडवत होता. डाव्या कानाची पाळी कापलेली, आणि वाट संपेल तिथं आपला क्रूस आहे, हे त्याला पक्कं ठाऊक.

त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. १५५६ च्या सुमारास वसईत जन्मलेला; वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे तो शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्यानं अशी उचलली, की धर्मशिक्षणाचं काम त्याच्यावर सोपवलं गेलं. जेझुइट संघात मात्र त्याला घेतलं नाही. मग त्यानं व्यापार केला, चांगला जमही बसवला, आणि शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला.

पुढचं सारं घडलं ते त्याच्या जिभेच्या बळावर. १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाप्तिस्ता हे पाद्री वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे निघाले. त्यांना जपानी येत नव्हतं. सोबत दुभाषी म्हणून गोन्सालो. ज्याच्या एका शब्दावर मुंडकं उडायचं, त्याच्यापुढं उभं राहून हा वसईचा माणूस बोलला. पुढं क्योतोत जागा मिळाली, मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांसाठी दवाखानाही निघाला.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यावरचा माल हिदेयोशीनं जप्त केला. आधी पाद्री येतात, मागून फौज येते, अशी फुशारकी गलबतावरच्या कुणीतरी मारल्याचं सांगतात. संशयाला तेवढं पुरे होतं. डिसेंबरात मठावर पहारा बसला.

पकडलेल्यांचं नाक आणि दोन्ही कान कापा, असा हिदेयोशीचा मूळ हुकूम. अंमलदार इशिदा मित्सुनारी यानं तो डाव्या कानाच्या पाळीवर आणला. क्योतो, ओसाका, साकाई इथं कैद्यांची धिंड निघाली आणि मग नागासाकीची वाट. निघाले तेव्हा २४ होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे पकडले गेले आणि २६ झाले. त्यांत २० जपानी, ४ स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईचा. सगळ्यांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. क्रूस जमिनीवर आडवे ठेवलेले. गोन्सालो सरळ एका क्रूसाकडे गेला आणि हाच माझा का, असं त्यानं विचारलं, असं तेव्हाच्या वृत्तान्तात आहे. तो त्याचा नव्हता. दुसरा दाखवला, तेव्हा त्यानं गुडघे टेकून त्याला मिठी मारली. खिळे ठोकले नाहीत. हात, पाय आणि गळा लोखंडी कड्यांत अडकवले, क्रूस उभे केले, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसले.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिलं. भारतात जन्मून संत ठरलेला हा पहिला माणूस. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, गासला चर्च आहे, फेब्रुवारीत सणही होतो. पण वसईच्या बाहेर, आपल्या कोल्हापूरकडे, हे नाव किती जणांच्या कानावर आहे? धर्म कोणताही असो, मराठी मुलुखातला हा माणूस मराठी माणसाला परका असू नये.

वसईच्या किल्ल्यात आपण जातो ते चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या पराक्रमासाठी, आणि जायलाच हवं. पुढच्या वेळी त्याच किल्ल्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चपाशीही घटकाभर थांबा. गोन्सालो शिकला तो याच तटाच्या आत.