साक्ष ऐकू आली पाहिजे



वाढीव मोबदल्याच्या दाव्यात पुकारा होतो. उलटतपासणीला आपण पिंजऱ्यात उभे राहतो. छत उंच, भिंती दगडी, वर पंखा घरघरतो. ‘शेतात विहीर होती’ हे आपण सांगतो. टंकलेखकाला ते ऐकू गेले नाही, तर कागदावर विहीरच नाही. मग बागायतीचा भाव कुठला?

मुंबईतल्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरवले. २०२३ साली केंद्राने ई-कोर्टाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. पण नुसते पडदे टांगून भागत नाही. चित्र थरथरले तरी साक्ष चालते; शब्द हरवला तर साक्ष मेली. जुन्या दालनात आधी आवाजाचा घुमारा मोडा. जाड पडदे लावा, भिंतींना आवाज शोषणारे तक्ते लावा. न्यायाधीश, वकील, साक्षीदार, प्रत्येकाला वेगळा माईक द्या. वीज गेली तर बॅटरी हवी.

हे मागायचेच. आणि तोवर? ‘साहेब, काय लिहिले ते वाचून दाखवा,’ असे म्हणायला भिऊ नका. न समजता अंगठा उठवू नका.