थांबण्याची अट



मोठे काम त्याच जातीच्या लहान कामात उतरवून करावयाचे, ही रीत गणिताला जुनीच आहे. पाचाचा फॅक्टोरियल म्हणजे पाच गुणिले चाराचा फॅक्टोरियल, चाराचा म्हणजे चार गुणिले तिनाचा. असे उतरत शून्यापाशी आले की उत्तर एक, आणि परतीच्या वाटेवर गुणाकार करीत 120. संगणकाच्या परिभाषेत यास रिकर्शन म्हणतात. फंक्शन स्वतःलाच हाक मारते.

आता पायथॉन शिकू लागलेला विद्यार्थी काय लिहितो ते पाहू. आकडा शून्य असेल तर एक परत द्यावा. नसेल तर त्या आकड्यास त्याच आकड्याच्या फॅक्टोरियलने गुणावे. ‘वजा एक’ तेवढे राहून गेले! थांबण्याची अट लिहिलेली आहे, पण तिच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही. पाच पाचाला हाक मारतो, तो पुन्हा पाचाला. परत आल्यावर गुणाकार करावयाचा असल्यामुळे प्रत्येक हाकेची नोंद स्मृतीत ठेवावी लागते. या नोंदी 1000 च्या आसपास गेल्या की पायथॉन सामान्यतः हात टेकतो आणि चूक दाखवितो. 2015 सालच्या 3.5 या आवृत्तीपासून या चुकीला ‘रिकर्शन एरर’ असे स्वतंत्र नाव आहे.

येथे कोणी शहाणा सल्ला देतो, ‘मर्यादाच वाढवा.’ तशी सोय भाषेत आहे खरी. पण नवशिक्याला ती दाखविणे आम्हांस मुळीच पसंत नाही. दहा हजार वेळा पाच म्हटल्याने पाचाचे चार होत नाहीत. उलट मर्यादा बेसुमार वाढविली तर सारा प्रोग्रामच कोसळू शकतो.

त्यापेक्षा फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आलेला आकडा छापून पाहावा. पाच, पाच, पाच असे दिसले की रोग कळला. ‘वजा एक’ घातल्यावर पाच, चार, तीन असा उतार दिसू लागतो. पण आम्ही येथेच थांबणार नाही. याच फंक्शनला वजा एक देऊन पाहा: वजा दोन, वजा तीन... शून्य मागेच राहिले! अडीच दिले तर दीड, अर्धा, वजा अर्धा. शून्याला स्पर्शही नाही. तेव्हा ऋण आणि अपूर्ण आकडे दारातच अडविणारी एक ओळ वर घालावी लागते. मग पाचाला 120 मिळतात आणि वजा एकाला स्पष्ट नकार.