जुने घर, नवे बिऱ्हाड



पेण आणि रोहे तालुक्यांत हिंडताना आम्हांला गावोगाव कुलूप लावलेली घरे दिसतात. मालक मुंबईला, नाहीतर पुण्याला. गणपतीला आले तर आले. कौले सरकलेली, दारात रान माजलेले. आणि त्याच गावात कातकरवाडीच्या मुलांना शिकवायला येणाऱ्या मुलीला राहायला खोली नाही! ती रोज एस. टी.ने येते. आंबा आणि कुंडलिका भरून वाहू लागल्या की तिचे येणे बंद. मुले पुन्हा पाटी विसरतात. तिचे मानधन थोडे; शहरातले भाडे तिला झेपत नाही. तेव्हा यांतले एक घर नीट करून अशा सेवकांना थोड्या भाड्याने द्यावे, असे आम्हांला वाटते.

हे काही नवे नाही. विनोबा भावे आपल्या पेण तालुक्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी त्यांचा जन्म झाला. १९१६ साली ते गांधीजींकडे गेले. तेव्हा गांधीजींचा आश्रम कोठे होता? अहमदाबादजवळ कोचरब गावी, एका बॅरिस्टरच्या बंगल्यात. तोही भाड्याचा! १९१५ च्या मे महिन्यात तो सुरू झाला, तेव्हा पंचवीसएक माणसे तेथे राहत. पुढे १९३८ साली विनोबांची प्रकृती ढासळली. तेव्हा तेही पवनारला, जमनालाल बजाजांच्या धाम नदीकाठच्या बंगल्यात राहायला गेले.

कोचरबची एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. तेथे दूदाभाई, त्यांची बायको दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी राहायला आली. हे कुटुंब त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीचे. झाले! विहिरीच्या मोटेवरचा माणूस शिव्या देऊ लागला. आश्रमाला पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. गांधीजींनी दूदाभाईंना घालवले नाही. शेवटी मोटवालाच शरमला.

म्हणून घराला हात लावण्याआधी गावाने एकत्र बसून एक ठरवावे. उद्या सेवक म्हणून कातकऱ्याची शिकलेली पोर आली, तर ती सगळ्यांच्या विहिरीवर पाणी भरील की नाही? याचे उत्तर 'नाही' असेल, तर कौले बदलून काय उपयोग?

आता दुरुस्ती. आधी छप्पर, मग बाकी सारे. गळक्या छपराखाली कच्च्या मूर्तीचे काय होते, ते पेणच्या गणपती करणाऱ्यांना विचारा. वाशांवर हातोडीने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर लाकूड चांगले. पोकळ आला तर आत वाळवी आहे. खांब बहुधा बुंध्याशी कुजतो. त्यासाठी सगळा खांब काढू नये. तुळईला भक्कम टेकू देऊन कुजका भाग कापावा आणि खाली दगडाचा तळखडा बसवावा. हे काम जाणत्या सुताराचेच, हौशी माणसाचे नव्हे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तुम्ही पाहिलेच आहे. कडेच्या ओळींची कौले तारेने रिपांना बांधा.

चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला लोक हौसेने सिमेंटचा गिलावा करतात. दिसतो झकास. पण ओल आत अडकते आणि गिलाव्याच्या ढपल्या पडतात. चुन्याच्या भिंतीला चुना, मातीच्या भिंतीला माती, हेच बरे. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणारे गटार खणावे.

न्हाणीला आतून कडी हवी. संडास दोन खड्ड्यांचा आणि विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब असावा. एक खड्डा भरला की दुसरा वापरावा. दोनएक वर्षांनी पहिल्यातले खत शेतात टाकावे. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळ गोपुरीला हाच धडा घालून दिला.

घर फुकट द्यावे, असे काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. फुकट राहणारा पाहुणा ठरतो, आणि पाहुण्याला तोंड उघडता येत नाही. घरपट्टी, वीज आणि दरसालची कौलांची चाळणी निघेल एवढे भाडे घ्यावे. जास्त नको.

सगळ्यात अवघड काम कागदाचे. एका घराला चार भाऊ, दोन बहिणी. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. नावे कोणाची आहेत, ते आता तुम्हांला स्वतःला वाचता येते. सर्व वारसांच्या सह्या घ्या. मुदत किती, भाडे किती, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लिहून करार नोंदवून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणीही देऊ नये, मग मागणारा सख्खा भाऊ का असेना.

शिमग्याला चाकरमानी गावी येतात. बोलणे तेव्हाच उरकावे. होळी विझली की कौले उतरवायला घ्यावीत, म्हणजे मृगापर्यंत अडीच-तीन महिने हाताशी राहतात.